चारशे सह्या गेल्या कुठे?

१

मिनेसोटातल्या वेस्बी गावाचं निवेदन नाहीसं झालं ते भर दुपारी, शंभर माणसांच्या देखत, आणि ती शंभरही माणसं त्या वेळी ताटात मान घालून बसली होती. म्हणजे साक्षीदार शंभर आणि बघणारा एकही नाही.

तो शनिवार नगरपालिकेच्या सफाईचा होता. बर्फ वितळला की दरवर्षी एप्रिलच्या शेवटी सगळं गाव फावडी-झाडू घेऊन बाहेर पडतं, गटारं उपसतं, बागेतल्या मोडक्या फांद्या उचलतं आणि मग समाजभवनात एकत्र जेवतं. ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा. यंदा अकरालाच आभाळ फाटलं, त्यामुळे सफाई निम्मी झाली आणि जेवण दुप्पट.

आर्डिस लुंडीन दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश वाढून घेत होती. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं ती या गावची नगरसचिव होती, पालिकेचा एकूण एक कागद तिच्या हाताखालून गेलेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पालिकेच्या किल्ल्यांचा जुडगा अजून तिच्याच पर्समध्ये होता. कोणी परत मागितला नव्हता, आणि आपणहून द्यायला ती काही खुळी नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लॉर्ना क्वाम बाहेर आली. लॉर्ना शाळेची बस चालवते. चाळीस पोरांवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा तयार झालाय की ती कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत कळतं. आज मात्र तिने आवाज चढवला नाही. ती सरळ आर्डिसपाशी आली, वाकली आणि म्हणाली, "आर्डिस, सह्या गेल्या."

"गेल्या म्हणजे? कुठे गेल्या?"

"ते ठाऊक असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

सह्या म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या. गावचा तलाव जुना झाला होता, गळत होता, आणि सोमवारी संध्याकाळी साडेसहाच्या सभेत तो बुजवायचा ठराव येणार होता. मातीचे ट्रक मंगळवारचे सांगूनसुद्धा ठेवले होते. सोमवारी पाचच्या आत चारशे मतदारांच्या सह्या पालिकेत पोचल्या, तरच ठराव अडणार होता आणि तलावाचं काय करायचं ते नोव्हेंबरात गाव मतदानाने ठरवणार होतं. लॉर्ना फेब्रुवारीपासून त्यासाठी दारोदार हिंडत होती. आज जेवतानाच चारशेवी सही मिळाली होती. बरं, नक्कल चालायची नाही. शाईने केलेल्या मूळ सह्याच हव्यात. हा नियम कोणी केला होता? आर्डिसनेच, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली, आणि तेव्हा तिला त्याचा फार अभिमान वाटला होता.

आता तिने काटा खाली ठेवला. या तलावात निम्मं गाव जॉइस हाउगोच्या हाताखाली पोहायला शिकलं होतं. आर्डिस तर बावन्नाव्या वर्षी शिकली. जॉइस कधी कोणाला पाण्यात ढकलायची नाही. पायरीवर बसवायची आणि म्हणायची, पाणी कुठे पळून जातंय, वाटेल तेव्हा उतर. आर्डिस तीन दिवस नुसती पायरीवर बसून होती, चौथ्या दिवशी उतरली. ही जॉइस मार्चमध्ये गेली. त्यानंतर महिन्याभरात तिच्या तलावावर माती पडायची, हे आर्डिसला अजिबात सोसणारं नव्हतं.

"ठेवल्या कुठे होत्यास?" तिने विचारलं.

"निळ्या फोल्डरमध्ये घालून आतल्या फडताळावर. टेबलं पुसून आले, तर फडताळावर नाहीत."

हे सांगताना लॉर्ना आर्डिसकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आर्डिसच्या ते नजरेतून सुटलं नाही. ती ताट सारून उठली.

२

स्वयंपाकघरात ओट्यावर धुतलेली भांडी ओळीने पालथी घातली होती आणि प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव होतं. वेस्बीत एक वेळ नवऱ्यांची अदलाबदल होईल, भांड्यांची होणार नाही. दुसऱ्याच्या नावाच्या भांड्याला कोणी हात लावत नाही, आणि कोणाचं भांडं घरी राहिलंच तर ते रिकामं परत करत नाहीत, त्यात काहीतरी गोडधोड घालून देतात. पाळणारे इथे देवाधर्मापेक्षा हे जास्त पाळतात.

आर्डिसने फडताळं पाहिली, कचऱ्याचा डबा उपसला, ओव्हनमध्येसुद्धा डोकावून पाहिलं. निळं फोल्डर कुठेच नव्हतं.

कॉफीच्या पिंपापाशी नगरसेविका माई नेंग वांग उभी होती. तलावाच्या जागी अग्निशमन केंद्र व्हावं म्हणून वर्षभर भांडणारी बाई ती. तेव्हा पहिला संशय तिच्यावरच जायचा, आणि हे तिलाही माहीत होतं. ती हसून म्हणाली, मला हवं ते मी सभेत बोलून मिळवते, फडताळातून नाही. हवी तर माझी पिशवी बघ. आर्डिसने लाज न बाळगता पिशवी पाहिली. आत एग रोलचे दोन रिकामे डबे होते. माई नेंगचे एग रोल दहा मिनिटांत संपतात, लॉर्नाची घेवड्याची कोशिंबीर मात्र दरवर्षी तशीच उरते.

"आत कोण कोण येऊन गेलं?" आर्डिसने विचारलं.

माई नेंगने आठवून सगळं सांगितलं. नगराध्यक्ष व्हर्लिन तासभर भांडी पुसत होता. रस्ते आणि पाणी बघणारा ड्वेन स्किबा तीनदा कॉफीला आला. लॉर्ना तर सुरुवातीलाच दोन्ही हातांत दोन भांडी सावरत, पावसात चिंब होऊन आली होती, तिच्यासाठी दार हिनेच धरलं. एवढंच. आणि हो, व्हर्लिन गोड न खाताच निघून गेला.

हे मात्र नवल होतं. व्हर्लिन हाउगो, म्हणजे आपल्या जॉइसचा नवरा, गोड न खाता उठलेला आर्डिसने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि तलाव बुजवायचा ठराव त्याचाच होता.

पण आधी ड्वेन. तो गेली वीस वर्षं दर वसंतात तलावाच्या भेगा बुजवत आला होता आणि बुजवताना त्या तलावाला अशा शिव्या घालायचा की पलीकडच्या चर्चने एकदा लेखी तक्रार केली होती. शिवाय डॉक्टरांनी त्याची कॉफी बंद केली होती. मग तीनदा कॉफीला आला तो कशाला? आर्डिसने त्याला बाहेर छपराखाली गाठलं. ड्वेन हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय जुनीच.

"ड्वेन, तुला कॉफी वर्ज्य आहे. पिंपामागे काय करत होतास, ते सांग."

ड्वेनने इकडेतिकडे पाहिलं. पावसाचा आवाज मोठा होता, तरी तो पुटपुटतच बोलला. "कोणाला सांगणार नाहीस ना? सही करत होतो. लॉर्नाने पॅड पुढे केलं, पहिल्या दोन खेपांना माझी छाती झाली नाही, तिसऱ्यांदा केली. चारशेवी माझीच."

"तू? अरे, तू तर त्या तलावाच्या नावाने बोटं मोडतोस."

"मग? वीस वर्षं मी त्याला जगवलाय. शिव्या देईन नाहीतर काहीही करीन, तो माझा हक्क आहे. माती टाकायला हे कोण लागून गेले?"

आर्डिसला हसू आलं. हा चोर नव्हे, एवढं नक्की झालं. पण ड्वेनचं अजून संपलं नव्हतं. सही करून तो इथेच, छपराखाली येऊन उभा राहिला होता, आणि थोड्या वेळाने व्हर्लिन बाजूच्या दाराने बाहेर पडला होता.

"रेनकोटाखाली काहीतरी धरलं होतं त्याने," ड्वेन म्हणाला. "चौकोनी. दोन्ही हातांनी छातीशी. मी हाक मारली, तर वळूनही पाहिलं नाही त्याने."

३

नगराध्यक्षावर चोरीचा आळ घ्यायचा म्हणजे हातात काहीतरी हवं. शिवाय व्हर्लिनला ती साठ वर्षं ओळखत होती. शाळेत तिच्या पुढच्या बाकावर बसायचा, आणि परीक्षेत हिने उत्तर दाखवलं तरी बघायचा नाही, इतका सरळ. पण दुःखाने माणूस बदलतो. मार्चपासून तो गाडीने कुठेही निघाला तरी दोन गल्ल्यांचा वळसा घालून जायचा, तलावाच्या बाजूने कधीच नाही. ठरावात गळतीची चार कारणं लिहिली होती. आर्डिसच्या मते कारण एकच होतं, आणि ते कोणी लिहिणार नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर ती त्याच्याकडे गेली. व्हर्लिन घराशेजारच्या गॅरेजमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत बसला होता. त्याने तिला बस म्हटलं नाही. कॉफीसुद्धा विचारली नाही. मिनेसोटात घरी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे जवळजवळ हाकलूनच देणं. आर्डिसला राग आला नाही, उलट ती सावध झाली.

"व्हर्लिन, निवेदन हरवलंय, कळलं ना?"

"कळलं. वाईट झालं."

"तुझ्या ठरावाच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं."

"असं कोणाचं हिसकावून मला ठराव नको आहे," तो म्हणाला, आणि उठून मागच्या मोठ्या फ्रीझरपाशी जाऊन उभा राहिला. त्याचा तेलकट हात फ्रीझरच्या झाकणावर होता.

"काल रेनकोटाखाली काय नेत होतास?"

व्हर्लिनने झाकणावरचा हात काढला नाही. कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. मग तो हळू पण ठाम बोलला. "दुसऱ्याचं मी काही नेलेलं नाही, आर्डिस. जे नेलं ते माझं होतं. आता तू जा."

आर्डिस घरी आली. रात्री जेवतानाही तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. खोटं बोलायचं असतं, तर तो सरळ म्हणाला असता की काही नेलंच नाही. जे नेलं ते माझं होतं, असं कोण बोलतं? आणि चारशे लोकांच्या सह्या एकट्या व्हर्लिनच्या कशा होतील? खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं, पण याने नेमकं खाल्लं काय होतं, तेच कळत नव्हतं.

४

सोमवारी दुपारी आर्डिस पालिकेत खेप घालून आली, तरी हाती काही लागलं नाही. नवी नगरसचिव केल्सी ब्रँट, शेजारच्या गावाहून येणारी तरतरीत मुलगी, बिचारी स्वतः सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली होती. तिने पुन्हा नियम वाचून दाखवला. पाच म्हणजे पाच.

आर्डिस घरी परतली आणि शनिवारची आपली धुतलेली भांडी कपाटात ठेवायला लागली. दोन्ही हातांत दोन भांडी होती, आणि कपाटाचं दार बंद. आता दार उघडायचं कशाने? पायाने की नाकाने? ती तशीच उभी राहिली. मग तिने भांडी खाली ठेवली, कोट चढवला आणि थेट बसच्या डेपोकडे निघाली. लॉर्ना पोरांना सोडून परत येते ती चार वाजता.

लॉर्नाने बस लावली, दार उघडलं. आर्डिस आत चढून पहिल्या बाकावर बसली.

"शनिवारी तू आलीस तेव्हा माई नेंगने तुझ्यासाठी दार धरलं. का धरलं?"

"हात मोकळे नव्हते म्हणून."

"दोन हातांत दोन भांडी. मग फोल्डर काय दातात धरलं होतंस?"

आर्डिसने वाकून चालकाच्या बाकामागच्या जाळीतून एक निळं फोल्डर ओढून काढलं. कोरडं ठणठणीत होतं, पाण्याचा एक डागही नव्हता, आणि रिकामं. शनिवारच्या त्या पावसात हे फोल्डर बसबाहेर गेलंच नव्हतं. आपल्याच सह्या या बाईने आपणच दडवल्या की काय, असं आर्डिसला क्षणभर वाटून गेलं.

"तू सगळ्या गोष्टी करतेस, लॉर्ना, पण पदार्थ जन्मात एकच आणतेस. कोशिंबीर. दुसऱ्या भांड्यात काय होतं?"

लॉर्नाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, आणि मग सगळं भडाभडा बाहेर पडलं. दुसरं भांडं तिचं नव्हतंच. नाताळात ती आजारी होती तेव्हा जॉइसने तिला रुबार्बच्या आंबटगोड वड्या पाठवल्या होत्या, झाकणाच्या त्या पसरट भांड्यात. वड्या संपल्या, भांडं राहिलं. आज देते, उद्या देते करता करता मार्च उजाडला आणि जॉइस गेली. रिकामं देता येईना, आणि गेलेल्या बाईच्या भांड्यात घालायचं तरी काय, तेही सुचेना. शनिवारी पाऊस बघून तिने सह्यांची दोन्ही पॅडं टॉवेलात गुंडाळून त्याच भांड्यात ठेवली. शेवटची सही घेतल्यावरही पॅडं पुन्हा त्यातच घातली. झाकण घट्ट होतं. शिवाय दुसऱ्याच्या नावाच्या भांड्याला गावात कोण हात लावणार?

"मग शनिवारीच का नाही सांगितलंस?"

"शंभर लोकांसमोर? की मेलेल्या बाईचं भांडं चार महिने घरात ठेवून बसलेय म्हणून?" लॉर्नाने डोळे पुसले. "म्हटलं, भांडी वाटताना सापडेलच. नाही सापडलं. मग एकदा फोल्डर म्हणून बसले होते, ते गिळताही येईना."

दुसऱ्या कुठल्या गावात ही सबब कोणी ऐकून घेतली नसती. आर्डिसला ती पुरेपूर पटली. तिच्या स्वतःच्या तळघरात ऑल्सनबाईंचं एक भांडं दोन हजार सालापासून आहे.

आणि पटता पटताच ती ताडकन उठली. घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"चल. गाडी काढ."

"कुठे?"

"कागद कोणी चोरलेच नाहीत, लॉर्ना. कोणीतरी भांडं नेलंय. आणि दुसऱ्याच्या भांड्याला वेस्बीत कोणी हात लावत नाही, हे तूच म्हणालीस ना? मग ज्याने नेलं, त्याच्या दृष्टीने ते दुसऱ्याचं नव्हतं."

५

व्हर्लिन गॅरेजमध्येच होता. दोघींना बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला, पण जा म्हणाला नाही. बहुधा कालपासून त्यालाही ते जड झालं असावं.

या वेळी आर्डिस हळुवार बोलली. तू भांडी पुसत होतास, ती म्हणाली. फडताळावरचं भांडं कोणाचं म्हणून तू उलटं करून बघितलंस, आणि बुडाच्या पट्टीवर जॉइसचं अक्षर होतं. व्हर्लिनने मान हलवली.

"नाताळापासून ते भांडं शोधत होती ती," तो म्हणाला. "दवाखान्यातसुद्धा दोनदा म्हणाली, कोणाकडे राहिलं कोण जाणे. आणि शनिवारी समोरच. हाताला जड लागलं. म्हटलं, कोणीतरी भरून परत केलंय."

"उघडून नाही पाहिलंस?"

"उघडलं असतं तर खाल्लं असतं. खाल्लं असतं तर संपलं असतं." त्याने फ्रीझरचं झाकण उचललं. आत जॉइसने हिवाळ्यात करून ठेवलेल्या सूपचे चार डबे होते, तारखा घातलेले, एकालाही हात न लावलेले. त्यांच्यावर ते पसरट भांडं होतं.

लॉर्ना रडत रडत सांगायला लागली की भांडं माझ्याकडे राहिलं, चूक माझी, मला माफ कर. व्हर्लिनला आधी काही कळेचना. मग आर्डिसने त्याला झाकण उघडायला सांगितलं. झाकण गारठून बसलं होतं, त्याने अंगठ्यांनी उचकटलं. आत टॉवेल, टॉवेलात दोन पॅडं, पॅडांवर वीस पानं.

पहिल्या पानावर पहिल्या ओळीत सही होती. अक्षर थरथरलेलं होतं, तरी भांड्याखालच्या पट्टीवरचंच होतं. जॉइस हाउगो. तारीख फेब्रुवारीची.

व्हर्लिन यंत्राच्या खोक्यावर बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण या माणसाने गावाचा निर्णय दोन दिवस सूपच्या डब्यांवर ठेवला होता आणि आपल्या बायकोची सहीसुद्धा.

"मला बोलली नाही काही," तो म्हणाला.

"दवाखान्यात केली तिने सही. तू कॉफी आणायला खाली गेला होतास," लॉर्ना म्हणाली. "मी म्हटलं, व्हर्लिनला सांगू का? तर म्हणाली, त्याला ढकलू नकोस. त्याचा तो उतरेल."

चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. आर्डिसला घाई करायची होती, तिचा पाय एकसारखा जमिनीवर आपटत होता. पण तिने तोंड उघडलं नाही. शेवटी व्हर्लिनच उठला आणि भांडं छातीशी धरून म्हणाला, "माझी गाडी पुढे आहे, चला." जाताना त्याने वळसा घेतला नाही. तलावाच्या बाजूनेच गाडी काढली.

६

केल्सीने पॅडं हातात घेतली आणि दचकली. इतका थंडगार अर्ज तिच्याकडे कधी आला नव्हता. काय, कसं, हे विचारायला वेळ नव्हता. ती भराभर एकेक सही मतदारयादीशी ताडून बघायला लागली. तिघं समोरच्या बाकावर शाळेतल्या पोरांसारखी बसली. पहिल्या पानावर ती एकदा थांबली, वर बघितलं, पुन्हा पुढे गेली.

पाचला आठ कमी असताना तिने पेन खाली ठेवलं.

"मिसेस लुंडीन, सह्या सगळ्या खऱ्या आहेत. पण पहिली मला काढावी लागेल. सादर करायच्या दिवशी मतदार हयात हवा, असं कलम आहे. आणि कलम..." ती अडखळली.

"माझंच आहे," आर्डिस म्हणाली. "माहीत आहे मला. काढ."

तीनशे नव्व्याण्णव. केल्सीने ती एक ओळ इतक्या हलक्या हाताने खोडली की खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. आर्डिसची सही आधीच झालेली, लॉर्नाचीही. केल्सी शेजारच्या गावची मतदार. बाहेर रस्त्यावर सोमवारी या वेळी चिटपाखरू नव्हतं, आणि सगळ्यात जवळचं घर चार मिनिटांवर. लॉर्ना दाराकडे धावायला उठली.

तेव्हा व्हर्लिनने घसा खाकरला. "नगराध्यक्षाने सही करू नये, असा काही नियम आहे का?"

केल्सीने आर्डिसकडे पाहिलं.

"नाही," आर्डिस म्हणाली. "तेवढाच एक करायचं मला सुचलं नव्हतं."

व्हर्लिन टेबलापाशी गेला. शेवटच्या पानावर ड्वेन स्किबाच्या नावाखाली जागा होती. ड्वेनचं नाव वाचून त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने पेन घेतलं आणि तसाच उभा राहिला. ठराव त्याचा, ट्रक त्याने सांगितलेले, दीड तासाने सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत तोच बसणार. घड्याळाचा काटा सरकत होता. लॉर्नाने बोलायला तोंड उघडलं, तोच आर्डिसने तिचा दंड धरला.

"थांब गं," ती हळूच म्हणाली. "पायरीवर बसलाय तो."

पाचला तीन कमी असताना व्हर्लिनने सही केली. मोठी, ठळक, दोन ओळी व्यापणारी. केल्सीने शिक्का मारला आणि वेळ लिहिली. मग तिने आतून कॉफीचे चार कप आणले, आणि कॉफी पिताना चौघंही नुसती हसत होती. नोव्हेंबरात गाव काय ठरवेल ते गाव ठरवेल, पण मंगळवारी ट्रक येणार नव्हते.

भांडं टेबलावर रिकामं पडलं होतं. व्हर्लिनने ते उलटं करून पट्टीवरून एकदा बोट फिरवलं, झाकण लावलं आणि लॉर्नाच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा," तो म्हणाला. "आणि परत आणशील तेव्हा रिकामं आणू नकोस. वड्यांची तिची रीत तुझ्याकडे आहे का?"

"तिनेच लिहून दिलीय," लॉर्ना म्हणाली. "पण माझ्या हातच्या तशा होत नाहीत."

"चालतील," व्हर्लिन म्हणाला, आणि सभेसाठी खुर्च्या मांडायला आत गेला. आर्डिस घरी गेली, ऑल्सनबाईंचं ते भांडं तळघरातून वर आणलं आणि त्यात काय घालून द्यावं, याचा विचार करत बसली.